नांदेड ते लातूर, विमानाने पंचवीस मिनिटे

भाचीचं लग्न लातूरला आणि मी नांदेडला. आदल्या दिवशी बहिणीचा फोन आला, "दादा, आजच निघ. उद्या साडेबाराचा मुहूर्त हाय."

बोलता बोलता मी मोबाइलवर अंतर पाहिलं. रस्त्याने साधारण तीन तास. त्याखाली आणखी एक ओळ होती: विमानाने पंचवीस मिनिटे. या दोन गावांमध्ये विमान जात नाही, हे त्या ओळीला कुणी कळवलेलं नसावं. मला राहवेना. घसा खाकरून, विमानतळावरच्या घोषणेच्या थाटात मी जाहीर केलं, "उद्या सकाळी विमानानं येतो. पंचवीस मिनिटं फक्त!"

बहीण हसली नाही. फोन स्पीकरवर होता आणि तिच्यासमोर वराकडची मंडळी चहा पीत बसली होती. कुणीतरी लगेच म्हणालं, "मामा विमानानं येऊन राहिले? मंग आणायला जावं लागंल की!"

मुलीचा मामा थापाड्या निघाला तर पोरीला सासरी पहिल्या दिवसापासून ऐकून घ्यावं लागणार. बहीण शांतपणे म्हणाली, "हाव. दादाला गाडी लागते, उलट्या होतात."

तासाभराने तिचा पुन्हा फोन आला. "कशानंबी ये. पण उतरताना कुनाला दिसू नको."

दुसऱ्या दिवशी मी अकरा जणांबरोबर जीपमधून लातूरला पोचलो. कार्यालयाच्या मागे उतरलो आणि आचाऱ्यांच्या कढयांमधून वाट काढत आत शिरलो. बहिणीने मला ढकलत नेऊन भाचीच्या पाठीशी उभं केलं. अंतरपाट धरला. गुरुजींनी समोर पाहिलं. नवरदेवाची पाठ मोकळी होती.

"मुलाचे मामा कुठं आहेत?"

वराकडच्या एकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "ते गेले की विमानतळावर, ह्यांना आणायला. हार घेऊन."

आमच्याकडे दोन्ही मामा पाठीशी उभे राहिल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. मामा फोन उचलेनात. साडेबारा वाजून गेले. भाचीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता सगळं कबूल करावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात दारात मामा दिसले. घामाने निथळत होते. हातात मनगटाएवढा जाड हार.

कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?"

माझ्या बहिणीने डोळे मिटले.

"काय व्हायचंय?" मामा म्हणाले. "विमान उतरताना ह्या डोळ्यांनी पाहिलं. गर्दीत आमची चुकामूक झाली."

मांडवात टाळ्या पडल्या. मामांनी माझ्या गळ्यात हार घातला, खांद्यावरची लाल धूळ दोन बोटांनी झटकली आणि कानाशी येऊन विचारलं, "पाव्हणं, वर आभाळातबी एवढी धूळ हाय का?"

"लई," मी म्हणालो.

मान डोलावत ते नवरदेवाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि गुरुजींना म्हणाले, "करा सुरू."