तक्रार अर्जातले सनईवादक

शैलजाताई हिरेमठ यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती मी सोलापूर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात रुजू झालो त्या दिवशी. माझी पहिलीच टिपणी त्यांनी तीनदा परत पाठवली. बाई भलत्याच खाष्ट आहेत, असे मी डबा खाताना सगळ्यांना सांगूनही टाकले. ताई मागच्याच टेबलावर जेवत होत्या.

कोरोनात लग्ने, जत्रा बंद पडल्या आणि सरकारने कलावंतांना मदत जाहीर केली. अर्ज आमच्याकडे येत. सोबत कलेचा पुरावा लागे. फोटो, कात्रण, प्रमाणपत्र, काहीही. सनईवादक भीमण्णांकडे यातले काहीच नव्हते. मी नियमाप्रमाणे शेरा मारला, 'अपात्र'.

दुसऱ्या दिवशी भीमण्णा ताईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "लग्नाच्या फोटूत नवरानवरी असत्यात बाई, वाजवणारा कुटं असतो? जल्मभर वाजवलं ते न्हाईच म्हणायचं का? मग सनई तरी घरात कशाला ठिवू? इकून टाकतो."

मी मान खाली घालून कागद चाळत राहिलो. ताईंनी त्यांना खुर्ची दिली. "रियाज घरीच करता ना? शेजारी काही म्हणत नाहीत?"

"म्हणत्यात की. मागं एकानं तर हितंच अर्ज दिलता."

दम्याचा त्रास असूनही ताई मास्क लावून अभिलेख कक्षात शिरल्या. दोन दिवस जुने गठ्ठे उपसून त्यांनी तो अर्ज शोधला. 'सदर इसम गेली कित्येक वर्षे रोज दुपारी सनई वाजवतात, त्यामुळे आमची झोप होत नाही.' खाली आमच्याच कार्यालयाचा आवक शिक्का. मी थक्क झालो. मला त्या कागदात फक्त कटकट दिसली असती. ताईंना त्यात एका माणसाचा आयुष्यभराचा रियाज दिसला. साहेब वाचून हसले आणि त्यांनी सही केली.

मंजुरीची यादी लागली तेव्हा भीमण्णांनी आपल्या नावापुढच्या, ताईंनी वाचून दाखवलेल्या 'कलावंत' या शब्दावर बराच वेळ बोट ठेवले. मग ताईंपुढे हात जोडले. ताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "माझं काही नाही, फाईल यांनी पुढं नेली." तो वयस्कर माणूस माझ्या पाया पडायला वाकला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ताईंनी शेऱ्याबद्दल त्यांना काही सांगितले नाही, मलाही कधी ऐकवले नाही. आज त्या साठ वर्षांच्या होत आहेत, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. दम्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे. आणि भीमण्णा, हा ग्रंथ तुम्ही कोणाकडून तरी वाचून घ्याल, म्हणून लिहितो. तो शेरा माझा होता.