हाई ते भंगार बी नही शे

घंटागाडी चालवणाऱ्याला गप्पांना विषय कमी पडत नाही. लोक कचऱ्याची पिशवी देतात, वर दोन वाक्यंही टाकतात. पिशव्या डेपोत रिकाम्या होतात, वाक्यं माझ्याकडेच साचतात. जात्रीबाई याला साक्षीदार! बाई धडगावकडची. सकाळी माझ्या गाडीवर असते, दुपारी डेपोत कचरा निवडते आणि राहते डेपोच्या भिंतीला लागूनच. घरी पावरी बोलते, गल्लीत अहिराणी, अन् साहेब आले की गप्प.

*

ओला-सुका वेगळा करा, असं आम्ही भोंग्यावर सांगत सुटलो. तर आमच्या नंदुरबारच्या एका काकूंनी काय करावं? गच्चीवर मिरचीशेजारी बटाट्याची, दुधीची सालंही वाळत घातली! कडक झाल्यावर थेट सुक्याच्या डब्यात. मी हटकलं, तर म्हणाल्या, "आते सुका नही शे का?"

मी सुक्याचं झाकण लावलं.

*

मिरचीच्या हंगामात देठांच्या पिशव्या येतात. देठ ओला की सुका, यावर एकदा सगळी गल्ली भांडायला उभी राहिली. तेवढ्यात जात्रीबाईने पिशवी उघडून बघितली अन् वारा सुटला. मग कोणाला बोलताच येईना, जो तो शिंकतोय!

*

डेपोत येणारा भंगारवाला बाटल्या, पुठ्ठा, पत्रा, मोडकी खुर्चीसुद्धा उचलतो. वेफर्सच्या चमकीच्या पाकिटांना मात्र हात लावत नाही. त्यात प्लास्टिक अन् चमकी एकमेकांना अशी चिकटलेली, की सुटीच होत नाहीत. पुढे कोणी घेत नाही. जात्रीबाईने फार गळ घातली, तर म्हणाला, "हाई ते भंगार बी नही शे."

ढीग वाढत तिच्या खिडकीपर्यंत आला. वारा आला की पाकिटं उडून थेट चुलीपाशी. बाई रडकुंडीला आली. मलाही वाईट वाटायचं, पण न्यायचं कुठे?

*

मग कॉलनीतल्या एका मॅडमनी शाळेच्या पोरांची प्लास्टिकमुक्तीची फेरी काढली. घोषणा जोरदार झाल्या. शेवटी पोरांना खाऊ वाटला, वेफर्सची पाकिटं!

जात्रीबाईची खिडकी बुजली.

*

बाईचा टोपल्या विणायला हात बसलेला. तिने पाकिटांच्या पट्ट्या कापल्या अन् पिशव्या विणायला बसली. ढीग काही संपला नाही, पण खिडकीतून उजेड यायला लागला. बाई खूश! पहिली पिशवी तिने त्याच मॅडमना दिली. त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

दिवाळीच्या साफसफाईत तीच पिशवी मॅडमच्या सुक्या कचऱ्यातून गाडीत आली. जात्रीबाईने ती उचलली, झटकली, पुसली अन् तिच्यात आपला जेवणाचा डबा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मॅडम गेटवरच उभ्या होत्या. तिच्या खांद्यावरच्या पिशवीला हात लावून म्हणाल्या, "कित्ती सुंदर गं जात्रीबाई! कुठून आणलीस?"

"तुमनाच घरनी शे, ताई."