काकेनचा आखडलेला पाय

सकाळचा दुधाचा चहा पोटात गेला की काकेन खाटेच्या अगदी कडेला उताणी पडायची. डावा गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरायचा, उजवा पाय खाटेवरून खाली लोंबता सोडायचा आणि तीस आकडे मोजायचे. दहापर्यंत जांघेत नुसती ओढ लागे. पंधराच्या पुढे आत कोणी ओला दोर पिळतंय असं वाटे, आणि विसाव्या आकड्याला डोळ्यांतून आपोआप पाणी यायचं. तीस झाले की श्वास घ्यायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. असं पाच वेळा.

बिश्केकच्या इस्पितळात तिचा उजवा खुबा बदलला त्याला आठ महिने झाले होते. चोपन्न वर्षं दोन बोटं आखूड असलेला पाय एका सकाळीत लांब झाला. हाडाचं ठीक झालं, पण भोवतालचं मांस जन्मभर आखूडच राहायला शिकलेलं. ते सैल व्हायला तयार नव्हतं.

"हाडाचं काम आम्ही केलं," व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली होती. "बाकीचं तुम्हाला करायचंय. वर्ष लागेल, कदाचित दोन. सगळं दुखणं जाईलच, असं मात्र मी सांगणार नाही."

शिवाय जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, हे कायमचं. नारीनच्या डोंगरातल्या त्या गावात जेवणं, गप्पा, सुतक, सगळं जमिनीवरच्या गाद्यांवर चाले. बायका जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती खाली बसायच्या आणि काकेन एकटी खुर्चीवर, तपासणीला आलेल्या साहेबासारखी. हळूहळू तिनं जाणंच सोडलं. शिलाईयंत्रासमोरच्या स्टुलावर ती एकटी जेवायची.

शेजारची कालीपा नातवाचा शाळेचा गणवेश शिवायला टाकून जाताना म्हणाली, "शहरात जाऊन लोखंड बसवून आलीस, आणि चालतेस तशीच. जुना पाय निदान आपला तरी होता!"

"तुझी जीभ बदलून मिळत असेल तर बघ," काकेन म्हणाली. "माप सांग आणि जा."

घरात ती आणि तिची आई उपोल, दोघीच; आईला ती आपा म्हणायची. काकेनचं लग्न झालं नव्हतं. लंगडी पोरगी सून म्हणून कोणी मागितली नाही. उपोल शहात्तर वर्षांची, वाळून काटकी झालेली. मुलगी व्यायामाला पडली की ती चुलीजवळ बसून बघायची, आणि मुलगी कण्हली की दर वेळी तेच म्हणायची.

"सालिकाला मातीतसुद्धा स्वस्थता मिळू नये."

सालिका म्हणजे उपोलची नणंद, काकेनची आत्या. काकेन तान्ही असताना उपोल सरकारी गोठ्यावर पहाटेपासून दूध काढायला जायची आणि चौदा वर्षांची सालिका बाळ सांभाळायची. दीड वर्षाची काकेन चालायला लागली ती लंगडतच. उपोलनं ठरवून टाकलं की सालिकानं पोरीला पाडलं. सालिका रडून रडून नाही म्हणाली. भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली. तिला चाबकानं मारलं, दोन दिवस उपाशी ठेवलं, तरी नाहीच म्हणाली. सोळावं लागल्या लागल्या तिला खिंडीपलीकडच्या एका दारुड्याला देऊन टाकलं. चार वर्षांपूर्वी ती गेली, तोवर उपोलनं तिला या घराचा उंबरा ओलांडू दिला नाही.

त्या दिवशी बाहेर बर्फ पडत होतं आणि थंडीनं पाय लाकडासारखा झाला होता. अठराव्या आकड्याला काकेनच्या जांघेत अशी कळ उठली की ती ओरडलीच.

"सालिकाला मातीतसुद्धा–"

"बस कर, आपा!" काकेननं पाय वर घेतला. "आत्यानं मला पाडलं नव्हतं."

"तुला काय ठाऊक? तू एवढीशी होतीस."

"डॉक्टरनं फोटो काढून दाखवला. हाड मोडलेलं नव्हतंच कधी. ते खोबणीत बसलंच नव्हतं पहिल्यापासून. जन्मतः जरा सैल असणार, म्हणाला. पण पाळण्यात पाय सरळ जुळवून करकचून बांधले की तसलं हाड बाहेरच राहतं. पाय मोकळे राहिले असते तर कदाचित बसलं असतं."

हे तिला आठ महिने माहीत होतं. सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. आता तोंडातून निघून गेलं.

चुलीतला कोळसा ढासळला, तो उपोलनं सारखा केला.

"सगळ्याच बांधतात," ती म्हणाली. "माझ्या आईनं मला बांधलं. पाय सरळ व्हावेत म्हणून."

"हो, आपा."

"तू रडायचीस. मी गोठ्यावरून येईपर्यंत बांधलेलीच असायचीस. सालिका म्हणायची, वहिनी, थोडं सैल करू का? मी म्हणायचे, हात लावशील तर बघ."

त्यानंतर चार दिवस उपोलनं चहाशिवाय काही घेतलं नाही. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "तिच्या मुलीला बोलाव."

दारीका, सालिकाची मुलगी, काकेनहून वीसेक वर्षांनी लहान. फोनवर ती म्हणाली, खिंड उघडली की येईन. मार्च संपता संपता ती आली. अंगातला कोट तिनं काढला नाही. उपोलनं त्या दिवशी तेल तापवून सालिकाच्या नावानं सात भाकऱ्या तळल्या, वास मेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणून. मग दारीकासमोर बसून सगळं सांगितलं, काही न लपवता.

दारीकानं ऐकून घेतलं. भाकरी पुढ्यात तशीच होती.

"आई कधीतरी तुमचं नाव काढायची, मामी," ती म्हणाली. "आधी म्हणायची, मी पाडलं नव्हतं. शेवटच्या आजारात मात्र तिचं तिलाच कळेना. म्हणायची, पाडलंही असेल गं मी. एवढे सगळे म्हणतात म्हणजे पाडलंच असेल, मला आठवत नसेल. मरताना तुमची माफी मागत होती."

उपोलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कोणी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. काकेनला खाली तिच्याशेजारी बसायचं होतं, पण खाली बसता येत नव्हतं. ती स्टुलावरच राहिली.

दारीका मुक्कामाला थांबली नाही. दारात काकेनला, मोठ्या बहिणीला हाक मारावी तसं, म्हणाली, "एजे, तुमच्यावर राग नाही. त्यांच्यावर आहे. तो जाईल असं वाटत नाही."

"जाऊ नकोच देऊ," काकेन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकेन व्यायामाला पडली तेव्हा उपोल उठून खाटेजवळ आली. लोंबत्या मांडीवर तिनं दोन्ही तळवे ठेवले आणि भार दिला. वजन कसलं, पाखराएवढं. पण मोजायला लागली ती तीसवर थांबली नाही. छत्तीस, सदतीस. काकेननं ओठ दाताखाली धरला आणि "पुरे" म्हणाली नाही.

दोघींनी तसं जूनपर्यंत केलं. पाय बराच सरळ झाला. काकेन काठी टेकत नळावर जायला लागली, लंगडणं निम्म्यावर आलं. थंडीतलं आणि पहाटेचं दुखणं होतं तसंच राहिलं. ऑगस्टमध्ये उपोल झोपेतच गेली. सुतकाच्या तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसल्या आणि मोठ्यानं रडत राहिल्या. काकेन त्यांच्यामागे खुर्चीवर बसून रडली. खिंडीपलीकडून कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर तिचा पाय पुन्हा आखडला होता. ती आत गेली, खाटेच्या कडेला पडली आणि मोजायला लागली.