निळा रंग पाहून आम्ही खूश झालो

"बाई, यांची साखर वाढलेली नाही, पार उतरलीय," बार्शीचे डॉक्टर म्हणाले. सलाईनमधून ग्लुकोज सोडता सोडताच त्यांनी विचारलं, "डायबिटीसच्या माणसाला गोळी देऊन उपाशी कुणी ठेवलं?"

कुणी म्हणजे मीच.

त्यांनी नाव सांगितलं, हायपोग्लायसेमिया. म्हणजे रक्तातली साखर इतकी कमी होते की मेंदूला काही मिळत नाही. माणूस घामेजतो, थरथरतो, बरळतो, मग शुद्ध हरपते. आमचे हे, शमुवेल, ढोकीला साखर कारखान्याच्या गोदामात कारकून. साखरेच्या पोत्यांना टेकून हा माणूस साखरेवाचून कोसळला. आजही आठवलं की डोकं फिरतं.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आमच्यात चाळीस दिवस कुणी चहा सोडतं, कुणी मटण. त्या वर्षी दुष्काळ होता. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, एक जेवण सोडू या, वाचलेली ज्वारी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांना देऊ. म्हणणं वाईट नव्हतं. पण ह्यांनी सगळ्यांदेखत उभं राहून जाहीर केलं की सूर्य मावळेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. लोक वाहवा करू लागले. मीही फुगले.

सकाळची गोळी मात्र चालूच होती. औषध चुकवायचं नाही, एवढं आम्हाला पक्कं ठाऊक! तेव्हा घरीच काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि स्टोव्हवर उकळायचं. रंग विटकरी झाला तर साखर जास्त. उपवास धरल्यापासून रंग निळाच राहायचा. आम्ही खूश. पाळकसाहेब म्हणाले, "बघा, प्रभूनं उपवास स्वीकारला." साखर किती खाली गेली ते ती नळी सांगतच नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी हमालांनी ह्यांना धरून घरी आणलं. सदरा घामानं चिंब, डोळे उघडे, बोलणं भलतंच. शेजारचे रशीदचाचा कारखान्यात फिटर. ते साखरेचं पाणी घेऊन धावत आले. मी पेला बाजूला सारला.

"चाचा, साखरेचा आजार हाय ह्यांना. गोड चालत न्हाय."

निरोप मिळताच पाळकसाहेब आले आणि त्यांनी गुडघे टेकले. प्रार्थना लांबत गेली आणि तिच्यातच ह्यांची शुद्ध गेली. शेवटी रशीदचाचांनीच कारखान्याची जीप आणली. वाटेत ते हळूच म्हणाले, "आमच्यात बीमाराला रोजा माफ असतोय, बेटी. तुमच्यात न्हाय व्हय?" मी पदरानं ह्यांचा घाम पुसत राहिले.

"गोळीचा असर अजून अंगात आहे, सलाईन काढायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न काय, तर "उपास मोडला का गं?"

"मोडला!" मी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडले.

पाळकसाहेब भेटायला आले. प्रभूनं परीक्षा घेतली, म्हणाले. मी म्हटलं, "प्रभूला मधी घेऊ नका. तुमी, ह्यांनी आन् म्या मिळून केलंय हे."

तुमच्या घरी कुणी अशी गोळी घेत असेल तर ऐका. गोळी पोटात गेली की जेवण चुकवू नका. घाम, थरथर दिसली आणि माणूस गिळू शकत असेल, तर आधी साखर द्या. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही ओतू नका, दवाखाना गाठा. आणि तुमचा रशीदचाचा पेला घेऊन आला तर त्याला दारातून परत पाठवू नका. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

डॉक्टरांनी ह्यांना खिशात खडीसाखर ठेवायला सांगितली. ठेवायचे, पण चारचौघांत खायची लाज. पुढच्या राखेच्या बुधवारी हे पुन्हा उभे राहिले. मी सदऱ्याचं टोक धरून खाली ओढलं. ह्यांनी खिशातून खडा काढला.

"ह्या वर्षी म्या लाज सोडतोय," म्हणाले आणि सगळ्यांसमोर कडकड चावला.

मग पाळकसाहेबांनी मला विचारलं, मार्थाबाई, तुम्ही काय सोडणार? मी म्हटलं, "काय न्हाय. राग तर मुळीच न्हाय."

आणि नाहीच सोडला. हे निवृत्त होईपर्यंत रोज बाराच्या भोंग्याला मी डबा घेऊन गोदामात जायची आणि शेवटचा घास खाऊन होईपर्यंत समोर बसून राहायची.