उशाशी कूलर

वडिलांना धाप लागायची म्हणून मी कूलर त्यांच्या उशाशी आणून ठेवला. औरंगाबादच्या उन्हाळ्यात मुलीनं याहून जास्त काय करायचं असतं? धाप वाढली की मी कूलर फास्ट करायचे. आतल्या ओल्या गवताला कुबट वास यायचा. वडील म्हणायचे, शेतात बसल्यासारखं वाटतं.

दोन उन्हाळे असेच गेले. दम्याचा पंप झाला, टीबीच्या गोळ्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरांनी छातीचा स्कॅन बघून विचारलं, "घरात कूलर आहे? गवत कधी बदललं?" मला आठवेना. त्या गवतावरची बुरशी वाऱ्याबरोबर छातीत जात होती. तिच्यामुळं फुप्फुसं सुजली होती आणि त्यांचा काही भाग कडक झाला होता. कडक झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही, उरलेला वाचवू, असं म्हणत त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहिल्या. कूलर मात्र आजच काढा म्हणाले, नाहीतर गोळ्या देऊन उपयोग नाही.

कूलर काढला. धाप कमी झाली, गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भेटायला येणारा प्रत्येकजण घाम पुसत कूलरचं विचारायचा. सगळ्यांना समजावून सांगायचा मला वीट आला होता. एकदा कन्नड गावची आत्या आली आणि पंख्याकडे बघून म्हणाली, "माणसाला एवढी धाप लागलीय अन् तू साधा कूलरबी लावत नाय?"

वडिलांनीच श्वास गोळा करून बहिणीला सांगितलं, "लई लावला गं पोरीनं."