टेबलावरची चाळ

आधीच सांगून ठेवतो, मला उपाय नको आहेत. लिंबू-मिरची, उतारा, 'आमच्या ओळखीचे एक जण आहेत, त्यांना दाखवा'... यातलं काहीही खाली लिहायचं नाही. मी लालबागचा. आमच्या चाळीत दर दोन खोल्यांआड एक भूत होतं म्हणे, मला त्यातलं एकही कधी भेटलं नाही. अमावास्येला मुद्दाम नखं कापणारा माणूस आहे मी. तरी लिहितोय, कारण चार महिने आमच्या खेळाच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये यावरून नुसती भांडणं चालू आहेत आणि माझी बाजू मला एकदा नीट मांडायची आहे.

तर, मी मिनिएचर वॉरगेम खेळतो. म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक घ्यायचे, स्वतः रंगवायचे, मोठ्या टेबलावर मांडायचे आणि फासे टाकून लढाई करायची. वय वर्षं शेहेचाळीस. हसा, खुशाल हसा. आम्ही तिघं आहोत. मी, दादरचा निखिल आणि खोताच्या वाडीतला डॉमनिक. दर रविवारी दुपारी निखिलच्या हॉलमध्ये, रानडे रोडच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला.

या खेळात सैनिक मिळतात हो, अडतं ते टेरेनवर. टेरेन म्हणजे टेबलावरची घरं, टेकड्या, भिंती, ज्यांच्या आड सैनिक लपतात. बाहेरून मागवलं तर येतं काय? फ्रान्समधलं पडकं चर्च! आम्हाला लढाई करायची होती गिरणगावात. तिथे चर्च घेऊन काय करू, डोंबल? मग वर्षभर मी भंगार हुंगत फिरलो. माटुंग्याच्या फिशटँकवाल्याकडचे दगड झाले, मूर्तीच्या कारखान्यातली उरलीसुरली खोकी झाली, दिवाळीच्या किल्ल्यांचे बुरूज झाले. माप कशाचंच बसेना. एक तर दार सैनिकाच्या कमरेएवढं, नाही तर हत्ती जाईल एवढं. आई म्हणायची, "झिला, नोकरी सुटली काय तुझी? कचरो कित्याक गोळा करतंस?"

मग मंडळाचा निरोप आला. आमची जुनी चाळ पाडून टॉवर झाला, त्याला काही वर्षं झाली, पण गणपती मंडळाचं सामान शेजारच्या चाळीतल्या एका खोलीत तसंच पडून होतं. ती खोली रिकामी करायची होती. तिथे मखराच्या फळ्यांमागे मला ती सापडली. आमची चाळ. तळमजला अधिक तीन, अडीच फूट लांब, गॅलरीला सायकलच्या तारांचे कठडे, वर उचलून ठेवता येणारं छप्पर. बाबांनी केलेली.

बाबा मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली, हाताला काम राहिलं नाही, तेव्हा त्यांनी गणपतीच्या देखाव्यासाठी ही चाळ केली होती. मी सातवीत असताना ते गेले. घरात त्यांचा एकच फोटो आहे, तोही मंडळाचा ग्रुप फोटो, आणि त्यात पुढच्याच्या टोपीमुळे त्यांचा अर्धा चेहरा झाकलेला. त्यांच्या हातचं म्हणावं असं आता एवढंच उरलंय. खिशातला सैनिक काढून मी त्या चाळीच्या दारात उभा केला. डोक्यावर तांदळाच्या दाण्याएवढी जागा राहिली. खरं सांगतो, तिथेच धुळीत बसून रडलो मी.

घरी नेली नाही. बाबांचं नाव काढलं की आई उठून ओटा पुसायला लागते. मांडीवर घेऊन टॅक्सीने थेट निखिलकडे नेली, साफ केली, आणि पुढच्या रविवारी आमच्या टेबलावर गिरणगाव उभं राहिलं.

तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली आमची. तिथून सगळा रस्ता दिसतो, म्हणून मी सहा बंदूकवाले तिथे ठेवले आणि वर छप्पर बसवलं. साडेतीनला आम्ही तिघंही आत चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर सहाही जण खोलीबाहेर! गॅलरीत, एकामागे एक, भिंतीला पाठ लावून उभे.

"डॉम, शाणपणा नको," मी म्हटलं.

"मॅन, मी तुझ्यासमोर खारी खात होतो!" डॉमनिक म्हणाला.

खरंच खात होता. परत आत ठेवले. खेळ पुढे चालू. वीस मिनिटांनी पुन्हा बाहेर, त्याच रांगेत. या वेळी तिघंही टेबलाशीच होतो.

आता निखिल इंजिनिअर. त्याने स्पिरिट लेव्हल आणली. टेबल सरळ. पंखा बंद, कारण पंख्याने आमची झाडं उडतात. शेजारच्या खोलीत ठेवले, हलले नाहीत. तळमजल्यावरच्या वाण्याच्या दुकानात ठेवले, हलले नाहीत. फक्त आमचीच खोली. पुढच्या रविवारी पोस्टर चिकटवायची निळी लुगदी लावून सहाही जण जमिनीला चिकटवले. सैनिक बाहेर, लुगदीचे सहा गोळे आतच! मोबाइल लावून शूटिंग केलं. त्यात एका क्षणी डॉमनिकची पाठ आड येते, दीड सेकंद. आधी गॅलरी रिकामी, नंतर सहा जण रांगेत. दीड सेकंदात सहा सैनिक... करून दाखवा कुणीतरी.

डॉमनिकने छातीवर क्रॉस केला. निखिल म्हणाला, "हे बघ, मी असलं काही मानत नाही. पण माझ्या घरात लहान मुलगी आहे. ही चाळ इथे नको. समुद्रात सोड नाहीतर कुठे ठेव."

"समुद्रात? माझ्या बापाने केलीय ती!"

"मग तुझ्या घरी ने."

"नेतो की! घाबरतो काय कुणाच्या बापाला?"

नेली. रविवारी सकाळी आई बाजारात गेल्यावर जेवणाच्या टेबलावर मांडली. त्याच खोलीत सहा सैनिक ठेवले आणि समोर हाताची घडी घालून बसलो. म्हटलं, आता सरका माझ्यादेखत, बघतोच. दारावरची बेल वाजली. दार उघडून वळलो, तर हे सहाही जण गॅलरीत.

आई दारात बांगड्यांची पिशवी घेऊन उभी. बांगडे, मासळी. तिची नजर टेबलावर गेली. पिशवी तशीच खाली ठेवून ती पुढे आली आणि कठड्यावरून बोट फिरवलं.

"ह्यांनी केलेली," म्हणाली. "अजून आहे?"

ओटा पुसायला गेली नाही. खुर्ची ओढून बसली. मग मला राहवेना, सगळं सांगितलं तिला. लुगदी, शूटिंग, निखिल, सगळं. वाटलं होतं घाबरेल, नारळ काढेल. तर ही बाई हसायला लागली.

"अरे मेल्या, बूट घालून आत कोंबलंस त्यांना?"

"प्लास्टिकचे आहेत गं ते! बूट पायालाच चिकटलेत."

"आणि पानं मांडायच्या आधीच?"

मला कळेना. तिने सांगितलं तेव्हा कळलं. त्या खोलीत आईची खाणावळ होती, हे मला ठाऊक होतं. पण मिल बंद पडली आणि खाणावळही, तेव्हा मी तीन वर्षांचा, मला त्यातलं काही आठवत नाही. मिलमध्ये कामाला असलेले अठरा गाववाले जेवायचे तिच्याकडे. खोलीत एका वेळी सहाच माणसं बसायची. बाकीच्यांनी गॅलरीत थांबायचं, भिंतीला पाठ लावून, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट राहील. पानं मांडून आईने हाक मारल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही. भूक कितीही लागलेली असो.

"बिचारे उभे आहेत कधीचे," आई म्हणाली. मग त्या गॅलरीकडे बघून, मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "या रे, पानं मांडली!"

आणि उठून बांगडे धुवायला गेली. मीही पाठोपाठ गेलो. का गेलो ते विचारू नका. टेबलाकडे बघत बसायची माझी छाती झाली नाही, बस्स. दहा मिनिटांनी बाहेर येऊन छप्पर उचललं. आत पाच जण. तीन या भिंतीला, दोन त्या भिंतीला, समोरासमोर. गॅलरीत एकटा उरलेला.

"आई, एक राहिला."

"राहू दे," ती आतूनच म्हणाली. "ते सगळ्यांच्या शेवटी जेवायचे. लोकांची पानं उठल्याशिवाय कधी बसले नाहीत."

मग बराच वेळ ती बांगडे साफ करत राहिली आणि बाबांबद्दल बोलत राहिली. एका दुपारी मी बाबांविषयी जेवढं ऐकलं, तेवढं तेहतीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

चाळ पुन्हा निखिलकडे गेली. आईच गेली घेऊन माझ्याबरोबर, आणि निखिलच्या मुलीला खोल्या दाखवून कुठे कोण राहायचं ते सांगून आली. आता खेळ सुरू करताना मी 'पानं मांडली' म्हणतो. डॉमनिक हसत नाही. पाच जण आत असतात, सहावा बाहेर. सैनिक बदलले, क्रम बदलला, तरी पाच आत आणि एक बाहेर. काहीही न मानणारा निखिल त्या सहाव्यावर गोळी झाडत नाही. विचारलं तर म्हणतो, अँगल बसत नाही.

हे कसं होतं, मला माहीत नाही. माझा आजही भुताखेतांवर विश्वास नाही, आणि कुणी मला पटवायला येऊ नये. पण ग्रुपवर 'विसर्जन करून टाका' म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, मी टाकणार नाही. उतारा कसला टाकताय? माणूस जेवायचा थांबलाय अजून.