आरतीनंतरचं मानवशास्त्र

नवस बोलताना शब्द जपून वापरावेत, हे मी माझ्या मुलीमुळे शिकले. केतकीनं कॉलेजात मानवशास्त्र घेतलं होतं. माणसाचं कुटुंब कसं सुरू झालं, लग्नाच्या रीती कुठून आल्या, असला तो विषय. शेवटच्या वर्षी एका पेपरात ती अडकली, तेव्हा मी अंबाबाईपुढं हात जोडून बोलून गेले, "आई, हिला पास कर. ही जे शिकलीय ते मी दर शुक्रवारी बसून ऐकीन."

देवीनं पास केलं. बाकीच्या बायका खणा-नारळावर सुटतात, मी अभ्यासाला बसले!

एकटीनं कशाला ऐकायचं, म्हणून शेजारच्या अक्कांना आणि समोरच्या शमीमभाभींनाही आरतीनंतर बोलवायला लागले. अक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या, भाभी ब्लाउज शिवतात. तेव्हापासून आमच्याकडे प्रसादाचं खोबरं उरतं तसे किस्से उरायला लागलेत. शुक्रवार गेला की थोडे वाटीत असतातच.

*

पहिल्याच शुक्रवारी केतकीनं सांगितलं, काही अभ्यासकांच्या मते माणूस माणूस झाला तो अन्न शिजवायला लागल्यामुळे. चुलीभोवती बसायला लागला आणि घर तयार झालं.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "मग पुरुषमाणसं अजून व्हायची हायत."

आमचे हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः चहा केला आणि अक्कांनाही एक कप नेऊन दिला. साखर घालायची राहिली होती. अक्कांनी तो तसाच पिऊन संपवला आणि मला म्हणाल्या, "असू दे. हळूहळूच होतंय की ते."

*

पुढं आला आजीचा सिद्धांत. पूर्वीच्या काळी आजी नातवंडांना खाऊपिऊ घालायची, म्हणून जास्त पोरं जगली आणि माणसाची जात टिकली, असं कुणीतरी मांडलंय म्हणे.

शमीमभाभींना हे फार पटलं. त्या मशीन चालवता चालवता दोन नातवंडं सांभाळतात आणि त्याचं कुणाला काही नाही. पुढच्या शुक्रवारी त्या मुद्दाम सुनेला घेऊन आल्या आणि केतकीला म्हणाल्या, "बेटा, ते आजीचं जरा परत सांग."

केतकीनं छान रंगवून सांगितलं. सून मन लावून ऐकत होती. घरी जाताना म्हणाली, "अम्मी, तुम्ही इतकं करता हे मला माहीतच नव्हतं. मग मी सोमवारपासून पार्लरच्या क्लासला जाऊ ना?"

*

एकदा केतकीनं नात्यांचा तक्ता काढायला घेतला. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे त्रिकोण, मध्ये रेघा. अक्कांपाशी गाडी अडली, कारण अक्कांचं लग्न आत्याच्या मुलाशी झालेलं. सासू म्हणजे सख्खी आत्या! एका बाईचा गोल काढायचा कुठं?

"भांडी घासताना सासू, आजारपणात आत्या," अक्का म्हणाल्या. "दोन्हीकडं काढ."

आम्ही खूप हसलो. केतकी खाली खाली रेघा ओढत गेली. अक्कांच्या खाली एकच गोल आला, त्यांची मुलगी रेखा. केतकी पुस्तकातलं वाचल्यासारखं बोलून गेली, "म्हणजे वडिलांकडून चालणारा वंश इथं थांबतो."

अक्का उठल्या आणि देवापुढचा दिवा बघायला म्हणून घरी गेल्या.

*

अक्कांच्या देवघरात चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुलदैवतांचे टाक आहेत. मुलगा नसला की टाक पुतण्याकडे जातात. पुण्यातल्या पुतण्याला अक्कांनी फोन केला, तर तो म्हणाला, "काकू, फ्लॅटमध्ये सोवळं-ओवळं जमत नाही. फोटो पाठवा, मोबाईलवर ठेवतो."

आता एकच वाट उरली होती, टाक पंचगंगेत सोडायचे. अक्का रोज ते घासून लख्ख करायच्या आणि कधी सोडायचे ते बोलायच्या नाहीत.

त्याच सुमारास केतकीनं सांगितलं की काही समाजांत नाव, घर, शेत सगळं आईकडून मुलीकडे जातं. अक्कांनी एवढंच विचारलं, "आनि देव? देव कुणाकडं जात्यात तिथं?"

केतकीनं पुस्तकं चाळली. जमिनीचं होतं, गुराढोरांचं होतं, देवांचं सापडलं नाही. मी आपली अंबाबाईला सांगत राहिले, की बाई, पुस्तकात नसेल तर तू तरी काढ काहीतरी.

*

रेखाचा नवरा सचिन कागलच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो. फार बोलणारा नाही. रेखाकडून त्याला टाकांचं कळलं आणि एका रविवारी त्यानं अक्कांना फोन लावला, "आत्ती, देव घेऊन या." सासूला तो आत्ती म्हणतो.

लाल फडक्यात टाक बांधून अक्का निघाल्या. सोबतीला मी आणि केतकी. सचिनची आई दारातच उभी होती. पाणी दिलं, पण बोलायचं ते बोललीच, "एका घरात दोन कुळांचे देव कधी बसल्यात का? उद्या भांडत्याल."

अक्कांनी फडकं पोटाशी धरलं. परत फिरायच्याच बेतात होत्या.

सचिन आतून देवघर घेऊन आला. चकचकीत स्टीलचं, स्वतः वेल्डिंग केलेलं, दोन मजली. वर छोटी घंटासुद्धा.

"दोन मजले कशाला?" आईनं विचारलं.

"भांडू नयेत म्हणून," सचिन म्हणाला. "खाली आपलं. वर आत्तींचं."

"आपलं खाली?"

"पावणं हायत की, आई. पावण्यांना खाली बसवायचं व्हय?"

ती आत गेली. चहा आला तो रेखाच्या हातून. अक्कांनी टाक वरच्या मजल्यावर मांडले, मी दिवा लावला. तेवढ्यात सचिनची आई परत आली आणि देवघराच्या टपावर तळहात फिरवून बघायला लागली. आम्हाला वाटलं, आता काहीतरी खोड काढणार.

"सच्या," ती म्हणाली, "माझ्या माहेरचा जोतिबा तुझ्या मामानं ट्रंकेत घालून ठेवलाय. हिचं केलंस तसं माझंबी कर. ह्याच्यावर अजून एक मजला चढतोय का बघ."